अमेरिकेतल्या चिनी आजी-आजोबांना घरातच त्रास होतोय अशी शंका आली तर काय करायचं

मुलांकडे अमेरिकेत राहायला आलेल्या चिनी म्हाताऱ्या माणसांबद्दल सगळ्यांना वाटतं की ह्यांच्यात आईबापांना केवढा मान, तिथे कसला आलाय छळ. पण शिकागोत २०११ ते २०१३ मधे पाइन स्टडी नावाचा चिनी ज्येष्ठांचा मोठा अभ्यास करणाऱ्यांनी साठीपुढच्या तीन हजारांहून जास्त चिनी लोकांना त्यांच्याच भाषेत विचारलं, तेव्हा छळाची व्याख्या किती कडक धरायची त्यानुसार साधारण १४ ते २६ टक्के लोकांच्या बाबतीत काही ना काही निघालंच. आणि माझ्या मते ही माणसं बोलत नाहीत ती त्या मानामुळेच, कारण मुलगा वाईट वागला म्हणजे आपणच त्याला नीट वाढवलं नाही असं होतं ना, मग झाकली मूठ सव्वा लाखाची.

म्हणून पहिली गोष्ट, "तुम्हाला घरी त्रास देतात का" असं विचारूच नका, उत्तर "नाही, मुलं फार चांगली आहेत" हेच येणार. त्यापेक्षा साधं विचारा, पासपोर्ट आणि ग्रीन कार्ड कुणाकडे असतं? बँकेचं कार्ड कोण वापरतं? मैत्रिणीला फोन करावासा वाटला तर करता येतो का? नातवंडं सांभाळून थकवा आला तर कोण बघतं? मारहाण क्वचित दिसते हो, जास्त करून असतं ते म्हणजे दिवसेंदिवस अबोला, जेवायला वेगळं बसवणं, डॉक्टरकडे न नेणं, आणि "परत चीनला पाठवून देईन" ही धमकी.

दुसरी आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, मुलाला किंवा सुनेला भाषांतर करायला बसवू नका. नातवाला तर नाहीच नाही. सरकारी पैसा घेणाऱ्या हॉस्पिटलला दुभाषा फुकट द्यावा लागतो, तो मागा, आणि मागताना भाषा नीट सांगा. नुसतं "चायनीज" म्हटलं की मँडरिन ही चीनची मुख्य भाषा बोलणारा येतो आणि आजी असतात तायशानी ही दक्षिणेकडची वेगळी बोली बोलणाऱ्या, मग दोघंही नुसती मान हलवत बसतात.

कागदपत्रांची भीती सगळ्यात मोठी असते, तीच जरा सविस्तर सांगते. मुलाने स्पॉन्सर करताना आय-८६४ वर, म्हणजे आईबापांचा खर्च मी उचलीन या हमीपत्रावर, सही केलेली असेल तर घरात भांडण झालं म्हणून त्याची जबाबदारी संपत नाही. आणि छळ करणारा मुलगा किंवा मुलगी २१ च्या पुढची आणि अमेरिकन नागरिक असेल तर आईवडील वावा (VAWA) ह्या घरगुती छळाविरुद्धच्या कायद्याखाली, अमेरिकेत राहायची परवानगी मागायला, आय-३६० फॉर्म स्वतः भरू शकतात, मुलाची सही लागत नाही, त्याला कळवतही नाहीत. हे खूप जणांना माहीतच नसतं. मात्र फॉर्म इमिग्रेशन वकिलाकडूनच भरून घ्या, फुकट कायदेशीर मदत देणाऱ्या संस्था असतात, ओळखीतल्या "एजंट"कडून नको.

जिवाला धोका असेल तर सरळ ९११. नाहीतर एल्डरकेअर लोकेटर ही ज्येष्ठांसाठीची सरकारी फोन सेवा, १-८००-६७७-१११६, वीकडेला चालू असते, ते तुमच्या भागातल्या ॲडल्ट प्रोटेक्टिव्ह सर्व्हिसेसचा, म्हणजे अशा छळाच्या तक्रारी बघणाऱ्या सरकारी खात्याचा, नंबर देतात. पुरावा गोळा करत बसू नका, शंका पुरेशी असते, आणि कळवणाऱ्याचं नाव सहसा गुप्तच ठेवतात.

पण एक लक्षात घ्या, आजी शुद्धीत आणि समजूतदार असतील आणि त्यांनी मदत नको म्हटलं, तर प्रोटेक्टिव्ह सर्व्हिसवालेही सहसा जबरदस्ती करू शकत नाहीत. चिडू नका, पहिल्यांदा बरेचदा नाहीच म्हणतात. येत-जात रहा, सीनियर सेंटरला सोबत न्या, आणि नंबर चिनी लिपीत लिहून द्या, पण तो कागद घरात सापडेल असा ठेवायला सांगू नका, सेंटरमधल्या मैत्रिणीकडे राहू दे.