सही त्याच दिवशी घ्या

अमेरिकेत व्हेटरनरी टेक्निशियनचा (प्राण्यांच्या डॉक्टरांच्या प्रशिक्षित सहायकाचा) कोर्स करताना एक्स्टर्नशिपमध्ये, म्हणजे दवाखान्यातल्या प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणात, खरी दमछाक होते ती कौशल्यांच्या यादीवर सह्या गोळा करताना. ‘शुक्रवारी एकदम घेऊ’ म्हणालात की संपलं. ज्या टेक्निशियनसमोर तुम्ही रक्त काढलंत, ती नेमकी शुक्रवारी सुट्टीवर असते. माझ्या तीन नोंदी अशाच लटकल्या होत्या.

स्क्रबच्या (दवाखान्यातल्या गणवेशाच्या) खिशात छोटी वही ठेवा आणि काम झालं की हात धुऊन लगेच लिहा. ‘रक्त काढलं’ एवढं पुरत नाही. कुत्र्याच्या पुढच्या पायातली सेफॅलिक, मागच्या पायाची बाहेरच्या बाजूची सॅफिनस आणि मानेतली जुग्युलर या शिरा यादीत वेगवेगळ्या मोजल्या जातात. मांजरीची सॅफिनस आतल्या बाजूने. म्हणून प्राणी, शीर, सुई किती गेजची (म्हणजे किती जाड), कितव्या प्रयत्नात जमलं, सगळं टिपा. मालकाचं नाव नको, केस नंबर पुरे.

कौशल्याचा पुरावा म्हणून व्हिडिओ द्यायचा असेल तर मालकाची आणि दवाखान्याची परवानगी आधी घ्या. तुमचा चेहरा, हात आणि सुई एकाच फ्रेममध्ये येतात का, ते रिकाम्या टेबलावर तपासा. कुत्रा दुसरा टेक देत नाही!

आणि पहिल्याच आठवड्यात यादीतल्या गाय, घोडा, उंदीर यांवर खूण करा. कुत्र्या-मांजरांच्या दवाखान्यात ते येणार नाहीत. त्यांची सोय कुठे होईल, हे कॉलेजच्या समन्वयकाला तेव्हाच विचारा.