अँबॅसडरला आधी गार हवा द्या, फिल्टरचं नंतर बघा

खंबाटकी घाट चढताना गाडी दमते म्हणून जुन्या पेट्रोल अँबॅसडरवाल्यांच्या डोक्यात पहिली गोष्ट येते ती म्हणजे उघडा, शंकूच्या आकाराचा एअर फिल्टर. माझ्याकडे १४८९ सीसीची अँबॅसडर आहे, कऱ्हाड-पुणे रस्त्यावर ती नेहमी पळते, आणि माझं मत ठाम आहे: या इंजिनाला तो फिल्टर लावू नका. मूळ एअर क्लीनरचा, म्हणजे आत फिल्टर असलेला बंद डबा ठेवा, त्याला गार हवा मिळेल अशी सोय करा आणि डब्याची गळती बंद करा.

कारण बॉनेट उघडलं की समोरच दिसतं. या इंजिनात इनलेट (हवा-पेट्रोल आत जाण्याची वाट) आणि एक्झॉस्ट (धूर बाहेर पडण्याची वाट) एकाच बाजूला आहेत. म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणारा कार्बोरेटर थेट तापलेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या, म्हणजे धुराच्या नळ्यांच्या, वर बसलेला. उघडा फिल्टर लावला की तो तिथलीच भाजलेली हवा ओढतो. बाहेर ३५ अंश असताना ६५ अंशांची हवा आत गेली, तर तिची घनता सुमारे ९ टक्क्यांनी कमी असते. शिवाय हवा विरळ झाली की मिक्स्चर रिच होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त पडतं, आणि पेट्रोल वाया जातं.

आता फिल्टरमुळे नक्की किती अडतं ते मोजा. गवंडी वापरतात तसली पारदर्शक लेव्हल ट्यूब घ्या. एअर क्लीनरचा डबा गाडीवरून उतरवून, फिल्टर आणि कार्बोरेटर यांच्यामधल्या, म्हणजे स्वच्छ हवेच्या बाजूला एक बारीक भोक पाडा आणि ट्यूब जोडायला छोटं निपल (बारीक नळी) बसवा. लोखंडाचा कीस पूर्ण पुसून काढा, तो सिलिंडरमध्ये जाता कामा नये. ट्यूबचं एक टोक निपलला जोडा आणि ती केबिनमध्ये आणा. तिथे प्लायच्या फळीवर तिला इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून दोन्ही पाय हातभर उंच ठेवा, मध्ये शाईचे थेंब टाकलेलं थोडं पाणी भरा आणि दुसरं टोक मोकळं सोडा. मोकळ्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. दोन बाजूंच्या पाण्यातला फरक शेजारी बसलेल्याने वाचायचा, चालवणाऱ्याने नाही.

चांगल्या कागदी फिल्टरवर माझ्या गाडीत हा फरक ५ सेंटीमीटरच्या आत राहतो. वातावरणाचा दाब पाण्याच्या हिशेबात साधारण १०३३ सेंटीमीटर, म्हणजे फिल्टर अर्धा टक्काही अडवत नाही. ४००० आरपीएमला फुल थ्रॉटलवर हे इंजिन मिनिटाला २३०० लिटरच्या आसपास हवा ओढतं, तरीही एवढंच. तुमच्याकडे फरक बराच जास्त आला तर मात्र एलिमेंट, म्हणजे डब्यातला फिल्टरचा कागदी भाग, चोंदलाय, बदला. मोजून झाल्यावर भोक घट्ट बंद करायला विसरू नका.

गार हवेसाठी ग्रिलच्या मागे, पण रेडिएटरच्या शेजारी जागा शोधा. रेडिएटरच्या पाठीमागची हवा गरमच असते, तिचा उपयोग नाही. तिथून एअर क्लीनरच्या तोंडापर्यंत अडीच इंची, उष्णता सोसणारा लवचिक पाइप न्या. दोन इंचांपेक्षा बारीक घेऊ नका. वळणं कमी आणि मोठी ठेवा, पाइप एक्झॉस्टपासून आणि फॅनच्या पात्यांपासून लांब बांधा. पाइपचं हवा ओढणारं तोंड जितकं उंच ठेवता येईल तितकं ठेवा. आपल्याकडच्या पावसात साचलेल्या पाण्यातून जाताना खाली लावलेलं तोंड पाणी ओढतं आणि सिलिंडरमध्ये पाणी शिरलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो. तोंडाला जाड जाळी बसवा आणि पाइपच्या सगळ्यात खालच्या वळणावर पाणी निथळायला एक बारीक भोक ठेवा. वायरचा सेन्सर असलेला साधा डिजिटल थर्मामीटर क्लीनरच्या तोंडाशी ठेवून आधी आणि नंतर तपासा, म्हणजे अंदाजावर राहायला नको.

डिसेंबरच्या पहाटे महाबळेश्वरला जाणार असाल तर हा पाइप काढून ठेवा. पेट्रोलची वाफ होताना कार्बोरेटर आतून खूप गार होतो. थंड, दमट हवेत आत बर्फ धरून इंजिन अडखळतं.

यानंतरचं काम सगळ्यात किचकट आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचं. एअर क्लीनर काढा आणि पांढऱ्या फडक्याने कार्बोरेटरच्या तोंडाची आतली कड पुसा. फडक्यावर तांबूस धूळ आली तर हवा फिल्टरला वळसा घालून आत जातेय. ऊस तोडणीच्या दिवसांत आमच्याकडच्या रस्त्यांवर जी बारीक धूळ उडते ती रिंगा आणि सिलिंडर पॉलिश पेपरसारखे घासते. एलिमेंटची रबरी कड कडक झालीय का, डब्याखालचं पॅकिंग दबलंय का, झाकण वाकलंय का, हे बघा. वरचा नट पान्याने आवळून आवळून झाकण बशीसारखं होतं आणि कडेने उघडं पडतं, म्हणून नट हातानेच आवळा.

टॅपेट कव्हरवरून (इंजिनाच्या वरच्या झाकणावरून) एअर क्लीनरला येणारा, इंजिनातली वाफ नेणारा ब्रीदर पाइप जागेवर असू द्या. तो काढून टाकला तर तेलाची वाफ इंजिनभर पसरते. फिल्टरचा कागद वारंवार तेलाने भिजत असेल तर दुखणं रिंगांचं आहे, फिल्टरचं नव्हे.

इनलेट मॅनिफोल्डच्या पॅकिंगमधून हवा शिरतेय का हे बघताना पेट्रोल किंवा क्लीनरचा स्प्रे मारू नका. खाली तापलेला एक्झॉस्ट आहे, भडका उडेल. इंजिन स्लोवर (ॲक्सिलरेटर न दाबता) चालू ठेवून सांध्यावर पाण्याचा बारीक फवारा मारा. आवाज बदलला की गळती तिथेच. त्याच कारणासाठी एअर क्लीनर काढून गाडी पळवू नका. बॅकफायर झाला तर ज्वाळा अडवणारा तोच डबा असतो.

कागदी एलिमेंट पेट्रोलने धुऊ नका. आतून बाहेर, कमी दाबाची हवा मारा आणि आत बल्ब धरून बघा. उजेड सगळीकडे सारखा मंद दिसायला हवा. ठिपका चमकला तर एलिमेंट फेकून द्या. तुमच्या गाडीला ऑइल-बाथ क्लीनर (कागदाऐवजी तेलात धूळ धरणारा) असेल तर तेल खुणेपर्यंतच भरा, जास्त झालं की इंजिन ते ओढून घेतं.

शेवटी ट्यूनिंग. गार हवा दाट असते, त्यामुळे मिक्स्चर किंचित लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. इंजिन पूर्ण गरम करून स्लो आणि मिक्स्चरचा स्क्रू पुन्हा जुळवा. एक चांगला घाट चढून लगेच इंजिन बंद करा आणि प्लग काढा. प्लगच्या टोकाचं पोर्सेलीन बिस्किटाच्या रंगाचं असेल तर ठीक. पांढरं फटक असेल तर जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं बारीक भोक) तपासल्याशिवाय लांब जाऊ नका.