बाळाला असं नाव ठेवायचंय जे लोक कुत्र्यामांजरांनाही ठेवतात? मग आधी एवढं बघून घ्या

आमचा मोठा अडीच वर्षांचा असतानाची गोष्ट. घरात त्याला चिकू म्हणतो, कागदावर वेगळं नाव आहे पण तेव्हा ते कोणी वापरतच नव्हतं. संध्याकाळी खाली पार्किंगमध्ये खेळत होता, हातात ग्लुकोजचं बिस्किट, आणि मागून एकदम जोरात आवाज आला, "चिकू! नो! सोड, सोड ते आधी!" आणि त्याने बिस्किट खाली टाकलं. रडला वगैरे नाही. दोन्ही हात पाठीमागे घेऊन उभा राहिला आणि माझ्याकडे बघायला लागला, की माझं काय चुकलं. बी विंगमधल्या काकांनी नवीन पिल्लू आणलेलं, रंग अगदी चिकूसारखा म्हणून नाव चिकू, आणि त्याच्या तोंडात कोणाची तरी चप्पल होती.

काकांचं काही चुकलं नव्हतं आणि आमचंही नाही. पण ते खाली पडलेलं बिस्किट माझ्या डोक्यातून गेलंच नाही. आता बायकोला सातवा महिना लागलाय, फ्रिजवर परत नावांची यादी लागलीये, त्यामुळे यावेळी आम्ही काय काय बघतोय ते नीट लिहून ठेवतो, तुमच्याकडे पण यादी चालू असेल तर उपयोग होईल.

आधी एक गोष्ट मनातून काढून टाका की जनावराचं नाव माणसाला असलं म्हणजे काहीतरी कमीपणा आहे. आपल्याकडे तसं कधीच नव्हतं. नंदिनी ही वसिष्ठांची गाय, कपिला गाय, गौरी गाय, सुरभी म्हणजे कामधेनूच, आणि या सगळ्या नावांच्या बायका तुमच्या नात्यात असतील आणि कोणाला कधी वाईट वाटलं नसेल. खेड्यात गोठ्यात लक्ष्मी असते आणि घरात सूनपण लक्ष्मी असते. बैलांची सर्जा राजाची जोडी तर सगळ्यांना माहीत आहे, तरी राजा परांजपे, राजा गोसावी ही केवढी मोठी माणसं, राजा म्हटल्यावर कोणाला बैल आठवतो का? मो. ग. रांगणेकरांच्या नावातला मो म्हणजे मोतीराम, आणि मोती हे तर महाराष्ट्रातल्या दर तिसऱ्या गल्लीतल्या कुत्र्याचं नाव. खंडोबाचा भक्त तो वाघ्या आणि रायगडावर समाधीजवळ ज्या कुत्र्याचं शिल्प आहे तोही वाघ्याच. राघू म्हणजे रघुनाथही आणि पिंजऱ्यातला पोपटही. मनीषाची घरात मनी होते आणि मनी म्हणजे मांजर. उलट आधीची मुलं जगली नाहीत की पुढच्याला दगडू, धोंडू, केरबा, भिकू अशी नावं मुद्दाम ठेवायचे, दृष्ट लागू नये म्हणून, आणि ती माणसं त्याच नावाने मानाने जगली. तेव्हा नाव कुठे कुठे वापरलं जातं यावरून त्याची किंमत ठरवू नका.

मग बघायचं काय तर हाक. माझं सगळं म्हणणं या एका शब्दात आहे. गायीला नावाने हाक मारतात ती प्रेमाने, चारा घालताना, दूध काढताना. घरातल्या कुत्र्याला नावाने हाक मारतात आणि त्याच्या लगेच पुढे हुकूम असतो, नो, सोड, सिट, इकडे ये, थुंक ते, गप्प बस. दिवसातून पन्नास वेळा. आणि तुमचं लेकरू त्याच आवारात वाढणार असेल तर त्याच्या कानावर स्वतःचं नाव आणि पुढे तो हुकूम असं जोडूनच पडणार, दोन अडीच वर्षाच्या मुलाला कुठे कळतंय की हे आपल्याला नाहीये. म्हणून यादीतलं प्रत्येक नाव घ्या आणि त्याच्यापुढे हे हुकूम लावून मोठ्याने म्हणून बघा. "लिओ, नो! लिओ, सोड!" "मिली, सिट!" आता "अनिरुद्ध, सोड!" म्हणा. फरक लगेच कळतो, लांब नाव हुकमाला लावताच येत नाही, जीभ अडखळते.

हे उगाच होत नाही. कुत्रा शिकवणारे लोक सांगतातच की नाव छोटं ठेवा, दोन अक्षरी, शेवट मोकळा, म्हणजे लांबून हाक मारली तरी पोचते आणि कुत्रा मान वळवतो. आणि आपण हल्ली बाळांना पण तशीच नावं शोधतोय, रिया, जिया, टिया, झारा, मिया, लिओ, रिओ. दोघांना एकच माप लावलं की यादी एकत्र येणारच. मला छोटी नावं आवडतात, वाईट अजिबात नाहीत, पण छोटं नाव ठेवायचं असेल तर शेजारचा विचार जास्त करायला लागतो एवढं खरं.

तर शेजारचा विचार म्हणजे नक्की काय करायचं. सरळ बिल्डिंगमधल्या आणि रोज जायच्या बागेतल्या कुत्र्यामांजरांची नावं लिहून काढा. आम्ही केलं, सोसायटीच्या ग्रुपवर विचारलं आणि वॉचमनदादांना विचारलं, आणि खरी माहिती वॉचमनदादांकडे निघाली कारण सकाळी सहाला कोण कोणाला काय नावाने ओरडतंय ते त्यांनाच माहीत असतं. एकोणीस नावं निघाली. ब्रूनो, सिंबा, कोको, रॉकी, ऑस्कर ही होतीच, त्यांचा आपल्याशी संबंध नाही. पण सात नावं अशी होती जी मुलांची म्हणून सहज चालतील आणि त्यातली तीन आमच्या फ्रिजवर होती. ती तीन काढली. शहरभर कोणाच्या कुत्र्याचं ते नाव आहे याने काही बिघडत नाही, तो विचार करायला बसलात तर नावच उरणार नाही, फक्त रोजच्या कानावरचं बघायचं.

नातेवाईकांकडचं पण विचारून घ्या. सासरी, माहेरी, गावाकडे. आजीच्या दारातल्या कुत्रीचं नाव राणी असेल आणि तुम्ही बाळाला राणी म्हणणार असाल तर आजी दोघींना एकाच सुरात हाक मारणार आणि सुट्टीत गेल्यावर पोरीला ते समजायला लागेल तेव्हा अवघड होईल.

दुसरा भाग कागदाचा. आपल्याकडे एक मोठी सोय आहे की कागदावरचं नाव आणि हाकेचं नाव वेगळं असतं, तिचा पुरेपूर वापर करा. चिकू, सोनू, लाडू, माऊ, पिल्लू असलं हाकेचं नाव ठेवायला काहीच हरकत नाही, विराट कोहलीला पण चिकूच म्हणतात आणि ते चंपकमधल्या सशावरून पडलेलं नाव आहे, पण त्याच्यामागे एक पूर्ण नाव उभं पाहिजे, म्हणजे मूल पंधरा वर्षांचं झालं की त्याला निवड असते. मोती आवडतं ना, मग मोतीराम किंवा मौक्तिक ठेवा आणि घरात मोती म्हणा. शेरा आवडतं तर शेरसिंग ठेवायची गरज नाही, केसरी आहे, मृगेंद्र आहे. मिठू म्हणायचंय तर मिथिल किंवा मिताली. मी तर म्हणेन हाकेचं नाव जेवढं लाडाचं तेवढं कागदावरचं नाव भरदार ठेवा.

आणि घाई करू नका. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला पाहिजे हे खरं, पण त्यात बाळाचं नाव लगेच घालायलाच पाहिजे असं नाहीये. नाव न घालता नोंद होते आणि नाव १२ महिन्यांपर्यंत फी न भरता घालता येतं, त्यानंतर उशिराची फी भरून १५ वर्षांपर्यंत. आमच्या पहिल्या वेळेस डिस्चार्जच्या गडबडीत फॉर्म पुढे केला आणि नाव लिहा म्हणाले, आम्ही तसाच कोरा सोडला नाव नाही ठरलं म्हणून, आणि दोन महिन्यांनी महापालिकेत जाऊन घातलं, काही त्रास झाला नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेश, पासपोर्ट, आधार सगळीकडे जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्माचा दाखलाच लागणार आहे, नंतर बदलायचं म्हटलं तर राजपत्रापर्यंत जायला लागतं. म्हणून बारशाला ठेवलेलं नाव दोनतीन महिने हाक मारून वापरून बघा आणि मगच दाखल्यावर घाला. सोनोग्राफीत मुलगा मुलगी कळत नाही, कायद्याने सांगतच नाहीत, त्यामुळे दोन्ही याद्या तयार ठेवायला लागतात, म्हणजे हे सगळं काम दोनदा.

ज्यांच्या घरात आधीपासून कुत्रा किंवा मांजर आहे त्यांचं थोडं वेगळं. बाळाचं नाव आणि कुत्र्याचं नाव एकाच आवाजाने सुरू होऊ नये आणि एकाच आवाजाने संपू पण नये. कुत्रा मिली आणि पोरगी मायली असं ठेवलंत तर रात्री दोन वाजता तुम्ही पाळण्याजवळ हळू आवाजात नाव घेणार आणि कुत्रं शेपूट हलवत हजर, मग बाळ जागं. आणि समजा तुमच्या मनातलं सगळ्यात आवडतं नाव पाच वर्षांपूर्वी कुत्रीलाच देऊन बसलात, असं होतं, लग्न झाल्यावर पहिलं बाळ म्हणून लोक मनातलं नाव तिला देतात, तर तिचं नाव बदलता येतं. नवीन नाव घ्यायचं, तिने बघितलं की खाऊ द्यायचा, सुरुवातीला जुनं नवीन जोडून हाक मारायची, मग जुनं सोडून द्यायचं. काही आठवड्यांत कळतं त्यांना. पण बाळ यायच्या आधी करा, बाळ आल्यावर तिच्याकडे लक्ष देणं कमी होतं आणि त्यात नाव पण गेलं असं तिच्याबाबतीत व्हायला नको. मला विचाराल तर नाव तिचंच राहू द्या, बाळाला दुसरं सापडेल.

गेलेल्या कुत्र्याचं नाव बाळाला ठेवावं का, हे पण लोक विचारतात आणि हळू आवाजात विचारतात. माझं मत असं की ठेवायचं असेल तर घरातल्या सगळ्यांनी आधी एकमेकांशी बोलून घ्या, कारण ते नाव घेतलं की आईच्या डोळ्यांपुढे कोण येतं हे तिलाच माहीत. हाकेचं नको, मधलं अक्षर घ्या, किंवा अर्थ घ्या. कुत्र्याचं नाव सोन्या होतं तर बाळ हिरण्य होऊ शकतं.

परदेशात असाल तर तिथली यादी बघा. अमेरिकेत लूना, बेला, चार्ली, मॅक्स, मिलो ही नावं कुत्र्यांना पण असतात आणि मुलांना पण, आणि तिकडे कोणाला त्याचं फार काही वाटत नाही. पण इथे आजी आजोबांना लूना म्हटलं की १९७२ साली आलेली ती मोपेड आठवणार, पुण्यात तर नक्कीच.

अजून एक मराठीतलंच. तुम्ही कितीही जपून नाव ठेवा, दहावीपर्यंत मित्र त्याचा या करणार. प्रकाशचा पक्या, सचिनचा सच्या, प्रशांतचा पश्या, अगदी मोत्या वाघ्या टिप्याच्या चालीवर. ते प्रेमाचं असतं, त्यासाठी नाव बदलू नका. मुलींना कमी होतं हे.

आणि सगळं बघून नाव ठेवलं, आत्याने कानात कुर्र केलं, आणि सहा महिन्यांनी शेजाऱ्याने पिल्लू आणून त्याला तेच नाव ठेवलं तर? जा आणि बोला. भांडायला नको, ग्रुपवर तर अजिबात नको, घरी जा, मुलाला बरोबर घेऊन जा. मी दोन दिवसांनी बी विंगला गेलो, चिकू कडेवर होता, मी फक्त बिस्किटाचं सांगितलं. काका काही बोलले नाहीत, आत गेले, बिस्किटाचा पुडा आणला आणि चिकूच्या हातात दिला, आणि त्याच्या हाताने त्या पिल्लाला एक भरवायला लावलं. तेव्हापासून ते कुत्र्याला चिकूशेठ म्हणतात आणि "शेठ, सोड!" असंच ओरडतात, चिकू हा शब्द रागवताना घेत नाहीत. आमच्यावाला आता पाच वर्षांचा आहे, खाली गेला की आधी शेठला शोधतो.

फ्रिजवर सध्या मुलीची दोन आणि मुलाचं एक नाव उरलंय. उद्या संध्याकाळी सातच्या सुमारास, सगळे कुत्रे फिरायला खाली येतात तेव्हा, बायको गॅलरीतून ती तिन्ही नावं एकेकदा मोठ्याने हाक मारणार आहे आणि मी खाली उभा राहून कोण कोण मान वळवतं ते बघणार आहे.