तळघरातल्या जुन्या पाइपांची ओळख कशी पटवावी

न्यू जर्सीत किंवा आसपासच्या राज्यांत १९२०-३० च्या सुमारास बांधलेले घर विकत घेतले की तळघराच्या छतालगत पाइपांचे एक जाळेच आपल्या वाट्याला येते. मूळ मालकाने घातलेले, पुढच्यांनी जोडलेले आणि कुणीतरी अर्ध्यावर कापून सोडून दिलेले पाइप तिथे शेजारी शेजारी नांदत असतात. आपल्याकडच्या घरांना बहुधा तळघर नसते, घर तापवण्यासाठी पाण्याची वाफ करणारा बॉयलर आणि त्याच्या तेलाची टाकी तर नसतेच. त्यामुळे यांतला कोणता पाइप कशाचा, याचा आपल्याला अंदाजही येत नाही. अशा वेळी पाइप कशाचा बनला आहे हे पाहण्याआधी तो कुठून येतो आणि कुठे जातो हे पाहावे. या दोन्ही गोष्टी कळेपर्यंत प्रत्येक पाइप चालू आहे असेच धरून चालावे.

सुरुवात माहीत असलेल्या टोकांपासून करावी. पाण्याचा मीटर, गॅसचा मीटर, बॉयलर, पाणी तापवण्याची टाकी आणि सांडपाण्याचा मुख्य उभा पाइप ही ती टोके होत. तिथून निघणाऱ्या एकेका पाइपाचा हाताने माग काढत जावे आणि वेगवेगळ्या रंगांच्या चिकटपट्ट्या लावत जावे. मध्येच माग हरवला तर घरातल्या कुणाला तरी वरच्या मजल्यावरचा नळ सोडायला सांगून संशयित पाइपावर तळवा ठेवावा. पाणी वाहू लागले की बारीक थरथर जाणवते. सांडपाण्याचा आडवा पाइप त्याच्या उतारावरून ओळखू येतो, कारण त्याला साधारणपणे फुटामागे पाव इंच उतार दिलेला असतो. या खटाटोपात जुने व्हॉल्व्ह मात्र फिरवून पाहू नयेत. वर्षानुवर्षे न हललेला व्हॉल्व्ह एकदा हलवला की पुन्हा घट्ट बसेलच असे नाही, आणि मग रविवारी संध्याकाळी प्लंबर शोधत बसावे लागते.

मार्ग कळल्यावर धातूकडे वळावे. त्यासाठी एक किल्ली आणि फ्रिजवरचे एक लोहचुंबक एवढे पुरते. पाण्याचा पाइप किल्लीने हलकेच खरवडला असता चिंचेने घासलेल्या तांब्यासारखा रंग दिसला, तर ते तांबे. त्याच्या जोडांवर डाख दिसतो आणि कुठे कुठे हिरवा कळंकही चढलेला असतो. चुंबक चिकटले आणि जोडांवर आटे दिसले, तर तो जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी, म्हणजे आपला ओळखीचा जीआय पाइप. तो आतून गंजून बुजत जातो आणि वरच्या मजल्यावर पाण्याची धार बारीक पडते.

चुंबक चिकटत नाही, पाइप मळकट राखाडी आहे, किल्लीचा ओरखडा सहज उमटतो आणि त्याखाली चांदीसारखी चकाकी दिसते, तर ते शिसे आहे. रस्त्याकडून येणारा पाइप भिंतीतून किंवा जमिनीतून घरात शिरतो तिथपासून मीटरपर्यंतचा भाग नीट पाहावा; सापाने बेडूक गिळल्यासारखा गुळगुळीत फुगवटा जोडावर दिसला, तर शंकेला फारशी जागा उरत नाही. पिण्याच्या पाण्यासाठी शिशाचे पाइप नव्याने बसवण्यावर अमेरिकेत १९८६ साली कायद्याने बंदी आली, पण आधीचे जमिनीत तसेच राहिले. एकट्या न्यूअर्क शहराने तीन वर्षांच्या आत असे २३,००० हून अधिक पाइप बदलले. पाणी उकळल्याने शिसे जात नाही, हे इथे आवर्जून सांगायला हवे, कारण उकळलेले पाणी म्हणजे निर्धोक पाणी हे आपल्या मनात फार खोल रुजलेले आहे. ओरखड्याचे छायाचित्र पाणीपुरवठा खात्याला पाठवावे आणि पाणी तपासून घ्यावे.

प्लास्टिकचे पाइप ओळखणे त्यामानाने सोपे असते, कारण त्यांच्यावर बहुधा छापील मजकूर असतो. त्यांपैकी ‘पीबी’ अक्षरे छापलेला, लवचिक आणि बहुतेकदा राखाडी पाइप दिसला तर तो पॉलिब्युटिलीनचा समजावा. १९७८ ते १९९५ या काळात बसवलेले हे पाइप फुटण्याबद्दल बदनाम आहेत.

काळ्या लोखंडी पाइपांबाबत विशेष सावध राहावे. गॅस आणि वाफ दोन्हींसाठी तोच पाइप वापरत, म्हणून रंगावरून निर्णय न घेता तो गॅसच्या मीटरपासून निघतो की बॉयलरपासून, हेच पाहावे. वाफेच्या जाड पाइपांवर पुठ्ठ्यासारखे पन्हाळीदार पांढरे आवरण असेल, तर त्यात अॅस्बेस्टॉस, म्हणजे श्वासावाटे फुप्फुसात गेल्यास घातक ठरणारे तंतुमय खनिज आहे असेच धरावे. ते खरवडू नये, झाडू नये, त्याला हातही लावू नये. फाटले असेल तर परवानाधारक माणसालाच बोलवावे.

आमच्या तळघरात सर्वांत कोड्यात टाकले ते बॉयलरजवळ फरशीतून वर आलेल्या आणि टोक चेपून बंद केलेल्या करंगळीएवढ्या तांब्याच्या नळीने. बॉयलर गॅसवर चालत होता आणि नळी कुठेच जात नव्हती. बाहेर जाऊन पाहिले तर त्याच भिंतीपाशी झुडपाआड दोन लोखंडी पाइप उभे होते, एक जाड आणि एक बारीक. जाड पाइप तेल भरण्याचा, बारीक पाइप टाकीतली हवा सोडण्याचा आणि आतली नळी टाकीतून बॉयलरकडे तेल नेणारी, असा उलगडा झाला. असे अवशेष दिसले तर अंगणात तेलाची टाकी पुरलेली असण्याची शक्यता असते. ती गळू लागली तर माती साफ करण्याचा खर्च प्रचंड येतो, म्हणून गावच्या बांधकाम विभागाकडे घराचे जुने परवाने मागावेत आणि नोंद न सापडल्यास टाकी शोधणाऱ्या व्यावसायिकाकडून अंगण तपासून घ्यावे. आमची टाकी काढून नेल्याची नोंद सुदैवाने सापडली. तरीही आम्ही बाहेरचा जाड पाइप काढून भोक सिमेंटने बुजवले, कारण टाकी नसलेल्या घराच्या अशाच पाइपात चुकीच्या पत्त्यावर आलेल्या टँकरने तेल ओतल्याचे आणि ते थेट तळघरात साचल्याचे प्रकार घडलेले आहेत.