ट्यूब ॲम्पचा सूर गिटारच्या नॉबवरून काढा
ट्यूब ॲम्पचा, म्हणजे व्हॅक्यूम ट्यूबवर चालणाऱ्या गिटार ॲम्प्लिफायरचा, व्हॉल्यूम दोनवर ठेवून इफेक्ट पेडलमध्ये सूर शोधत बसू नका. माझ्या लाडक्या मॅचलेस डीसी-30 या 30 वॉटच्या ॲम्पवर मी ईएफ86 ट्यूबच्या चॅनेलचा व्हॉल्यूम स्वर किंचित फाटेपर्यंत चढवतो आणि गिटारचा व्हॉल्यूम नॉब सहावर आणतो. कॉर्ड स्वच्छ, घंटेसारखी वाजते. सोलो आला की नॉब दहावर, आणि मग तो भरलेला, गाणारा सूर! अहाहा!

दादरच्या छोट्या हॉलमध्ये 30 वॉट फार होतात. तिथे ॲम्पवरचा हाफ पॉवरचा (ताकद अर्धी करणारा) स्विच वापरा. आवाज थोडाच उतरतो, पण स्वर लवकर फाटतो.

अमेरिकेहून 120 व्होल्टचा ॲम्प आणलात तर आपल्या 230 व्होल्टवर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर हवाच. स्पीकर जोडल्याशिवाय ॲम्प कधीही चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.