लाइनचं कल्चर: मायक्रोबायोलॉजीत नव्याने आलेल्यांसाठी

आयसीयूतून फोन येतो, "ताप लाइनमुळे आहे का ते सांगा, नाहीतर लाइन काढतो." लाइन म्हणजे मोठ्या शिरेत टाकून ठेवलेली नळी. काढायला काय, पाच मिनिटं लागतात. पण डायलिसिसच्या पेशंटला नवी लाइन टाकायला शीर शोधताना भल्याभल्यांना घाम फुटतो. म्हणून 'दोष लाइनचा नाही' हे खात्रीने सांगता येणं मला निदानाइतकंच मोलाचं वाटतं.

त्यासाठी ब्लड कल्चरच्या, म्हणजे रक्तातले जंतू वाढवायच्या, बाटल्यांची जोडी लागते. एक लाइनमधून, एक हाताच्या शिरेतून. एकाच वेळी, सारखंच रक्त, शक्यतो अँटिबायोटिक सुरू होण्याआधी. मोठ्या माणसाला दर बाटलीत ८ ते १० मिली. दोन्हींत एकच जंतू वाढला आणि लाइनची बाटली शिरेच्या बाटलीपेक्षा किमान १२० मिनिटं आधी पॉझिटिव्ह झाली, तर संशय लाइनवर. फक्त शिरेची बाटली पॉझिटिव्ह आली, तर उगम दुसरीकडे शोधायला सांगा. फक्त लाइनची आली आणि जंतू कोअ‍ॅग्युलेज निगेटिव्ह स्टॅफ (त्वचेवर नेहमी राहणारा जंतू) असला, तर तो बहुधा नळीत वस्तीला आलेला किंवा त्वचेवरून आलेला असतो.

आता खरी गोम. बाटलीतली वाढ टिपणाऱ्या मशीनचं घड्याळ बाटली आत ठेवल्यावर सुरू होतं, रक्त काढल्यावर नाही. रात्री घेतलेल्या जोडीतली एक बाटली वॉर्डबॉयने लगेच आणली आणि दुसरी काउंटरवर सकाळपर्यंत पडून राहिली, तर त्या १२० मिनिटांना काडीचाही अर्थ उरत नाही. म्हणून दोन्ही एकदमच लोड करा. लेबलवर नुसतं 'ब्लड कल्चर' असेल, तर वॉर्डला फोन लावा. कुठून काढलं आणि किती वाजता, हे विचारून लिहून घ्या. सिस्टर वैतागतात, वैतागू देत. आणि बाटल्या फ्रिजमध्ये कधीच नाहीत.

लाइन काढलीच, तर टोकाचा ५ सेंटीमीटर तुकडा कोरड्या निर्जंतुक डबीत मागवा. ब्लड अगारवर (जंतू वाढवायच्या रक्तमिश्रित प्लेटवर) तो पुढेमागे लोळवायचा. ही माकींची १९७७ची पद्धत. १५ किंवा जास्त कॉलनी म्हणजे पॉझिटिव्ह. पण यात नळीची बाहेरची बाजूच कळते. जुन्या लाइनमध्ये जंतू आतून असतात, ते निसटू शकतात. रक्त निगेटिव्ह आणि नुसतं टोक पॉझिटिव्ह असेल, तर त्याला रक्तातला संसर्ग म्हणू नका. संशय नसताना काढलेल्या प्रत्येक लाइनचं टोक पाठवायची काही वॉर्डांची सवय मात्र मोडायलाच हवी.

पॉझिटिव्ह बाटलीच्या ग्रॅम स्टेनचा (जंतू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघण्याचा) निकाल फोनवर देताना आधी बाटली कुठली ते सांगा, मग जंतू. यीस्ट (एक प्रकारची बुरशी) दिसलं, तर दुसऱ्या बाटलीची वाट न बघता तेवढ्यावरच फोन करा.