पहिलारू (पहिल्या विताची) एचएफ (होल्स्टिन फ्रिजियन) गाय दूध काढायच्या मशीनवर लाथा झाडते, पान्हा चोरते (दूध आखडते): काय केलं

वाळवा तालुक्यातला आमचा गोठा. पाय बांधणं आधी बंद केलं. घाबरलेल्या गाईत अॅड्रेनालिन वाढतं, मग पान्हा सोडवणाऱ्या ऑक्सिटोसिन हार्मोनचं काही चालत नाही. (ऑक्सिटोसिनच्या इंजेक्शनचा सल्ला सगळे देतात, तो नकोच.)

खरा दोष मशीनच्या गेजवर दिसला: व्हॅक्यूम, म्हणजे दूध ओढणारी हवेची ओढ, ५० केपीएच्या (दाबाचं एकक) वर. व्हॅक्यूम मर्यादेत ठेवणाऱ्या रेग्युलेटरची जाळी धुळीनं बुजलेली. साफ करून ४२ वर आणला. पंप आता गाय आणण्याआधीच चालू असतो. जवळ जायचं ते आवाज देत, खांद्याच्या बाजूनं. थेट मागचं तिला दिसत नाही. सड धुऊन कोरडे पुसायचे, प्रत्येकी तीन-चार धारा काढायच्या आणि हात लावल्यापासून मिनिट-दीड मिनिटात कप चढवायचे. कप काढताना आधी व्हॅक्यूम बंद. ओढले की सड दुखतो, पुढच्या धारेला पुन्हा लाथ.